नेब्रास्कातली चेरी काउंटी: जागा आपल्या नाशिक जिल्ह्याएवढी आणि माणसं फक्त साडेपाच हजार?

मनीषा_इंदिरानगर

नमस्कार मंडळी. माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे, सध्या शिकागोजवळ असते. तिला आता नेब्रास्का राज्यात व्हॅलेंटाइन नावाच्या गावी हॉस्पिटलमध्ये नोकरीची ऑफर आलीय, गाव चेरी काउंटीत येतं. बहीण सिडकोत राहते, ती रोज फोन करून विचारते, अगं तिकडे माणसं तरी आहेत का. म्हणून मी बसून सापडेल ते वाचून काढलं आणि उलट जास्तच गोंधळ झालाय.

काउंटीचं क्षेत्रफळ दिलंय १५,५६० चौरस किमी. म्हणजे आपला अख्खा नाशिक जिल्हा जवळजवळ तेवढाच आहे, सुरगाण्यापासून येवल्यापर्यंत आणि इगतपुरीपासून मालेगावपर्यंत पंधराच्या पंधरा तालुके धरून. आणि तिथली लोकसंख्या २०२० च्या सेन्ससला ५,४५५. आपली २०११ लाच ६१ लाख होती. हा आकडा खरा आहे का? की एखादं शून्य राहिलंय?

दुसरं म्हणजे मी सॅटेलाइट नकाशा उघडून बघितला तर तिथे नद्या आहेत, शेकडो छोटी छोटी तळी दिसतात, वाळवंट वगैरे अजिबात नाही. मग पाणी असून माणूस का नाही? आपल्याकडे जिथे पाणी तिथे वस्ती हे लहानपणापासून शिकलो. हे असं पहिल्यापासूनच आहे की लोक सोडून गेले? आणि एकटी मुलगी तिथे राहू शकेल का? ज्यांना खरंच माहितीय त्यांनी सांगा प्लीज, बहिणीला मला काहीतरी ठाम सांगायचंय.

सिन्नरचे_सर

मनीषाताई, आकडा बरोबर आहे, शून्य कुठेही राहिलेलं नाही. ५,४५५ माणसं. भागाकार केला तर एका माणसामागे जवळजवळ तीन चौरस किमी जमीन येते, आपल्याकडे एका चौरस किमीत ३९३ माणसं. आपला पेठ तालुका घ्या, डोंगराळ, छोटा, जिल्ह्यातली कमी वस्ती म्हणून आपण ज्याच्याकडे बघतो, तिथेही २०११ ला लाखाच्या वर लोक होते. आणि एकटी चेरी काउंटीच अशी नाही, नेब्रास्का राज्यच मुळात रिकामं आहे, सगळं राज्य मिळून १९ लाख ६१ हजार, म्हणजे आपल्या एका जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही थोडं कमी, त्यातलेही बरेच पूर्वेला ओमाहा आणि लिंकन या दोन शहरांत. राज्यात ९३ काउंट्या आहेत, चेरी त्यात सगळ्यात मोठी. माणसांच्या हिशोबाने मात्र तिच्याहून कितीतरी लहान काउंट्या त्याच भागात आहेत, आर्थर काउंटीत ४३४ लोक, मॅकफर्सनमध्ये ३९९. टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत तर २०२० ला फक्त ६४ जण मोजले गेले.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, नाहीतर त्या सरासरीने उगाच भीती बसते. काउंटीतली जवळजवळ निम्मी माणसं एकट्या व्हॅलेंटाइनमध्ये राहतात, गावाची लोकसंख्या २,६३३. तेच मुख्यालय, कोर्ट, हॉस्पिटल, हायस्कूल, किराणा, सगळं तिथेच. तुमची भाची गावात राहणार, तिला शेजारी असतील, रस्त्यावर दिवे असतील. खरी विरळ वस्ती गाव सोडल्यावर सुरू होते. बाकीची कोडी, किलगोर, मेरिमन, क्रुकस्टन, वुड लेक ही गावं म्हणजे शंभराच्या आतबाहेर वस्ती, कोडी त्यातलं मोठं, तेही दोनशेच्या आत. काउंटीची लांबी पूर्व-पश्चिम दीडशे किमीच्या पुढे, नाशिकहून ठाणं गाठाल एवढी, आणि दक्षिणेकडचा बहुतेक भाग असा की मैलोन् मैल एखादंच घर.

माणसं का नाहीत याचं उत्तर जमिनीत आहे. त्या भागाला सँडहिल्स म्हणतात, पश्चिम गोलार्धातला वाळूच्या टेकड्यांचा सगळ्यात मोठा प्रदेश, साधारण ५० हजार चौरस किमी, आणि चेरी काउंटीचा बहुतेक भाग त्यातच येतो. वरून हिरवं दिसतं कारण त्या टेकड्यांवर गवत उगवलंय, पण गवताची कातडी काढली की खाली निव्वळ वाऱ्याने आणून टाकलेली वाळू. मोठे दुष्काळ पडले तेव्हा गवत मेलं आणि या टेकड्या पुन्हा सरकायला लागल्या असं भूशास्त्रज्ञांना सापडलंय, आणि ते काही फार जुनं नाही, हजारेक वर्षांपूर्वीचं. तळ्यांचं कारणही तेच. वाळू पावसाचं पाणी वाहून जाऊ देत नाही, सगळं पिऊन टाकते, ते खाली साठतं आणि दोन टेकड्यांमधला खोलगट भाग त्या भूजलाच्या पातळीपेक्षा खाली गेला की तिथे आपोआप तळं दिसतं. तिथल्या नायोब्रारा आणि स्नेक या नद्या उन्हाळ्यातही आटत नाहीत, त्यांना खालून झिरपा मिळत राहतो. आपल्या दारणा-कादवासारखा पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात धरणातून सोडतील तेवढंच पाणी, असा प्रकार तिथे नाही.

निफाड_द्राक्ष_बागायतदार

सर माहिती एक नंबर, पण मला हे पटलं नाही की पाणी एवढं वर आहे, जमीन एवढी आहे आणि शेती नाही. आमच्याकडे सातशे-आठशे फूट बोअर घेऊन कोरडी जाते तरी माणूस ड्रिप टाकून बाग उभी करतो. इस्रायलने वाळूत शेती केली. अमेरिकेकडे पैसा आहे, मशिनरी आहे. मग ते का नाही करत? आळस म्हणायचा का?

सिन्नरचे_सर

आळस नाही भाऊ. प्रयत्न भरपूर झाले आणि जमिनीने ते परत पाठवले. तुमच्या निफाडची काळी माती पाणी धरून ठेवते, भेग पडेपर्यंत ओल सोडत नाही, आणि खाली बेसाल्ट खडक असल्यामुळे पाणी फक्त फटींमध्ये सापडतं म्हणून बोअर फेल जातात. तिकडे बरोब्बर उलटं. खाली ओगलाला नावाचा प्रचंड जलसाठा आहे, सँडहिल्सखाली काही ठिकाणी त्याची जाडी शेकडो फूट, पण वरच्या वाळूत ओलही टिकत नाही आणि खतही टिकत नाही, टाकलं की पाण्याबरोबर खाली. आणि नांगर घातला की गवताची मुळं तुटतात, मग वारा तिथे खड्डा खणायला सुरुवात करतो. त्याला ब्लोआउट म्हणतात, एकदा सुरू झाला की टेकडीच्या टेकडी उघडी पडते, ती परत गवताखाली आणायला वर्षानुवर्षं जातात.

१९७० च्या दशकात सेंटर पिव्हट आले, म्हणजे ते चाकांवर गोल फिरणारं स्प्रिंकलर, तेव्हा लोकांनी पैसा ओतून सँडहिल्समध्ये मका लावला. भाव पडले आणि बऱ्याच ठिकाणी ते सोडून द्यावं लागलं, मागे राहिली उघडी वाळू. म्हणून तिथला शहाणा माणूस जमिनीला हात लावत नाही, गवत राखतो आणि गाई चारतो. हल्ली कुरणं इतकी चांगली राखली जातात की ब्लोआउट कमी झाले, आणि त्या उघड्या वाळूतच वाढणारं ब्लोआउट पेनस्टेमॉन नावाचं जांभळट फुलांचं झाड धोक्यात आलं, ते आता संरक्षित यादीत आहे. मला हे वाचून फार विशेष वाटलं होतं.

पावसाचंही बघा, व्हॅलेंटाइनला वर्षाला साधारण ५०० मिमी. म्हणजे येवला-नांदगाव पट्ट्याएवढा धरा. तेवढ्यावर आपल्याकडे बाजरी, मका, कांदा निघतो तो काळ्या-मुरमाड मातीमुळे, आणि थंडीने जमीन गोठत नाही म्हणून.

ओझर_ते_ओमाहा

मी मूळ ओझरचा, एचएएल कॉलनीत वाढलो, आता बरीच वर्षं ओमाहात. व्हॅलेंटाइनला जाऊन आलोय त्यामुळे डोळ्यांनी बघितलेलं सांगतो.

ओमाहाहून तो जवळजवळ पाचशे किमीचा रस्ता आहे, नाशिक-कोल्हापूरपेक्षा लांब. सुरुवातीला सगळं मका आणि सोयाबीन, चौकोन आखल्यासारखी शेतं, दर थोड्या वेळाने गाव आणि धान्याचे उंच सायलो. मग ओ'नील गेलं, एन्सवर्थ गेलं की हळूहळू शेतं संपतात आणि नुसत्या टेकड्या सुरू होतात, झाड नाही, घर नाही, फक्त गवत आणि तारेचं कुंपण. व्हॅलेंटाइनजवळ नायोब्रारा नदीची दरी आली की एकदम पाइन आणि ओकची झाडं दिसतात. ती नदी १९९१ पासून राष्ट्रीय सीनिक रिव्हर, म्हणजे निसर्गसौंदर्यासाठी राखलेली नदी आहे, उन्हाळ्यात लोक रबरी ट्यूब आणि कनू घेऊन तिथे लोटतात, स्मिथ फॉल्स नावाचा राज्यातला सगळ्यात उंच धबधबा तिथेच आहे, फक्त ६३ फूट, आपल्या इगतपुरी-त्र्यंबकच्या माणसाला काही वाटणार नाही पण पाणी बारमाही.

मग आम्ही ८३ नंबरच्या हायवेने दक्षिणेला गेलो. एका ठिकाणी कुरणात पवनचक्की होती, त्या उंच लोखंडी सांगाड्यावर पत्र्याच्या पात्यांची, थांबून जवळ जाऊन बघितली. वारा आला की पातं फिरतं, दांडा वरखाली होतो आणि पाइपातून मनगटाएवढी धार नाही, नुसती हिसके देत पडणारी पाण्याची गुळणी, एक झाली की थोडं थांबून दुसरी. खाली मोठी गोल पत्र्याची टाकी काठोकाठ भरलेली, पाणी इतकं थंड की हात आखडला. टाकीतून सांडलेल्या पाण्याने बाजूला चिखल आणि त्यात गाईंच्या खुरांचे ठसे. वीज नाही, मोटर नाही, माणूस नाही. अशा टाक्यांवर शेकडो गाई पितात आणि मालक ट्रक घेऊन फेरी मारतो, कुठली चक्की बंद पडली का ते बघायला.

तर निफाडच्या भाऊंच्या प्रश्नाचं हेच खरं उत्तर. तिथे गाई आहेत. मांसासाठी पाळतात त्या बीफ गाई देशातल्या काउंट्यांमध्ये सगळ्यात जास्त चेरी काउंटीत असं शेतीच्या सेन्ससमध्ये येतं, दीड लाखाच्या वर गाई, वासरं वेगळी. काउंटीची जमीन ३८ लाख एकर, म्हणजे एका गाईमागे पंचवीस एकराच्या आसपास आलं. आता हिशोब करा, एका कुटुंबाला जगायला चारशे-पाचशे गाई लागल्या तर दहा-बारा हजार एकर एका घराला. मग शेजारी लांबच असणार ना, जवळ कुठून येणार.

देवळाली_इतिहासप्रेमी

मनीषाताईंचा तो 'पहिल्यापासून असंच होतं का' प्रश्न राहिला. नाही, असं नव्हतं. मुळात ती लाकोटा या मूळनिवासी लोकांची जमीन, आजही काउंटीच्या उत्तर सीमेला लागून साउथ डकोटा राज्यात त्यांचं रोझबड रिझर्व्हेशन, म्हणजे त्यांच्यासाठी राखीव प्रदेश आहे. अमेरिकन सैन्याने १८८० ला फोर्ट नायोब्रारा उभारला, १८८३ ला रेल्वे आली आणि त्याच वर्षी काउंटी झाली. मोठे पशुपालक त्याआधीच शिरले होते.

मग आला १९०४ चा किंकेड कायदा. त्याआधीच्या १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कुटुंबाला १६० एकर मिळायचे, त्यात सँडहिल्समध्ये काहीच भागत नाही हे लक्षात आल्यावर पश्चिम नेब्रास्कापुरते ६४० एकर केले. लोक अक्षरशः धावत आले, मातीच्या ढेपांची घरं बांधून राहिले, झाडं नव्हती त्यामुळे लाकूड नव्हतं, गाईचं वाळलेलं शेण जाळायचे, हे आपल्याला काही नवीन नाही. १९०० ला काउंटीत साडेसहा हजार लोक होते, १९२० ला साडेअकरा हजारांच्या वर गेले. आजच्या दुप्पट!

पण वर ओझरच्या दादांनी पंचवीस एकराचा हिशोब दिलाय तो इथे लावा. ६४० एकरात गाई बसल्या पंचवीस. त्यावर घर चालेना, मग नांगर घातला, वाळू उडाली, कर्ज झालं, आणि जमीन शेजारच्या मोठ्या रँचवाल्याला, म्हणजे गुरं पाळणाऱ्या मोठ्या जमीनमालकाला विकून माणूस निघून गेला. कायदा करणाऱ्यांनी एकर चौपट केले पण ती जमीन माणशी किती मागते हे कोणी तिला विचारलंच नाही. मला वाटतं तिथल्या ओस पडण्याला मुख्य कारण हे आहे, थंडी नाही आणि लांबचं अंतरही नाही.

सातपूर_एमआयडीसी

सगळं वाचलं. भावना दुखवायच्या नाहीत पण स्पष्ट बोलतो, २००० ला ६,१४८, २०१० ला ५,७१३, आता ५,४५५. दर सेन्ससला खाली. मरायला टेकलेला भाग आहे, तरुण मुलीने तिथे करिअर कशाला घालवायचं? शहरातच राहावं.

ओझर_ते_ओमाहा

दादा, आकडे बरोबर आहेत पण त्यातून काढलेला अर्थ पटत नाही. शंभर वर्षांत माणसं निम्मी झाली, गाई नाही झाल्या. धंदा चालू आहे, फक्त त्याला हात कमी लागतात. पूर्वी गवत कापायला घोडे आणि गडी लागायचे, आता एक माणूस बेलर, म्हणजे गवताचे गठ्ठे बांधणारं मशीन घेऊन ते करतो. गाव मात्र मरू नये म्हणून लोक किती झटतात ते बघितल्याशिवाय कळत नाही. कोडी गावात किराण्याचं दुकान उरलं नव्हतं, रोजच्या वाणसामानाला लांब जावं लागायचं. तिथल्या शाळेतल्या मुलांनी आणि गावाने मिळून गवताच्या गठ्ठ्यांच्या भिंतींची इमारत उभी केली आणि २०१३ ला त्यात दुकान उघडलं, सर्कल सी मार्केट, चालवायचं काम विद्यार्थ्यांकडे. दोनशेच्या आत वस्तीचं गाव आहे हे लक्षात घ्या. याला मरायला टेकलेलं म्हणवत नाही मला.

आणि फिजिओथेरपिस्टला तिथे का बोलावतायत तेही सरळ आहे. तरुण मुलं शिकायला लिंकन-ओमाहाला जातात, मागे वयस्कर रँचवाले, घोड्यावरून पडलेले, कुंपणं ताणून खांदे गेलेले, गुडघे बदललेले. आजूबाजूच्या काउंट्यांतलेही लोक व्हॅलेंटाइनलाच येतात. तिच्याकडे पेशंटची रांग असेल आणि सगळे तिला नावाने ओळखतील. रस्त्यावर समोरून गाडी आली की अनोळखी माणूसही स्टिअरिंगवरून एक बोट उचलून नमस्कार करतो, हे शिकागोत मिळणार नाही.

मनीषा_इंदिरानगर

सगळ्यांचे मनापासून आभार. सर, तुमचं वाचून बहिणीला फोनवर सगळं वाचून दाखवलं, 'निम्मे लोक गावातच राहतात' हे ऐकून तिचा आवाज बदलला. आता तिचे प्रश्न प्रॅक्टिकल झालेत: थंडी किती, विमानतळ कुठे, आपला किराणा मिळतो का, आणि गाडी येत नसेल तर चालेल का? भाचीकडे लायसन्स आहे पण शिकागोत ती ट्रेननेच फिरते.

ओझर_ते_ओमाहा

ताई, गाडीशिवाय अजिबात चालणार नाही, हे पहिलं. फोर व्हील ड्राइव्ह घ्यायला सांगा, विंटर टायर, आणि गाडीत कायम ब्लँकेट, पाणी, खायला काहीतरी, फावडं. जानेवारीत रात्री उणे दहा-बारा सेल्सिअस नेहमीचं, निफाडला पारा चारवर आला की आपल्याकडे पेपरात बातमी येते तशी थंडी नाही ही. बर्फापेक्षा वारा वाईट, पडलेला बर्फ उडवून रस्ता दिसेनासा करतो. १९४९ च्या हिमवादळात तर लष्कराला रस्ते मोकळे करावे लागले होते आणि विमानांतून गुरांना चारा टाकला होता. आता इशारे आधी येतात. रस्ता बंद सांगितला की निघायचं नाही, तिथले लोकही निघत नाहीत. जुलैत मात्र दिवसा तिशीच्या वर जातं, छान असतं.

विमानतळ म्हणजे नॉर्थ प्लॅट, दक्षिणेला साधारण दोनशे किमी, तिथून डेन्व्हरला छोटं विमान जातं. आपला किराणा गावात नाही मिळणार, तूरडाळ, पोहे, गोडा मसाला हे ओमाहा किंवा डेन्व्हरहून एकदम भरून आणायचं नाहीतर ऑनलाइन. दूध, भाजी, तांदूळ, बटाटे गावात आहेत.

अजून एक, हे तिला पहिल्याच आठवड्यात लागेल. काउंटीत दोन वेळा चालतात, पूर्व भाग सेंट्रल टाइम आणि पश्चिम भाग माउंटन टाइम, एक तासाचा फरक. व्हॅलेंटाइन सेंट्रलमध्ये, मेरिमन माउंटनमध्ये. पश्चिमेकडच्या पेशंटला दहाची अपॉइंटमेंट दिली तर कोणाचे दहा ते विचारून घ्यायचं, फोनमधलं घड्याळ त्या पट्ट्यात मागेपुढे उड्या मारतं.

सिन्नरचे_सर

आणि मनीषाताई, जॉइनिंगची तारीख अजून ठरली नसेल तर एप्रिलच्या पुढची मागून बघायला सांगा. पहिला हिवाळा येईपर्यंत गाडीचा हात बसेल, रस्ते ओळखीचे होतील. ऑफर लेटरमध्ये राहायच्या जागेचं काय लिहिलंय तेही इथे टाका, तिथे भाड्याची घरं कमी असतात, ओझरच्या दादांना विचारून घेऊ.